एकाच प्रश्नाला सकाळी एक दर, संध्याकाळी दुसरा: एजंटच्या टूलची डिस्क्रिप्शनं दुरुस्त करताना काय काय सापडलं

समस्या काय ते आधी सांगतो, ज्यांना हे येतंय त्यांना पहिल्या दोन ओळीतच कळेल की आपलंच दुखणं आहे. एजंट म्हणजे प्रश्न वाचून, लागेल ती माहिती छोट्या प्रोग्रॅमांकडनं (त्यांना टूल म्हणतात) मागवून उत्तर देणारा एआय मदतनीस, आणि मॉडेल म्हणजे त्याचं डोकं. एजंट तोच, मॉडेल तेच, डेटा तोच, आणि "काल गुळाला काय दर लागला" हा प्रश्न सकाळी विचारला की 4,150, संध्याकाळी विचारला की 3,980. दोन्ही वेळा छातीठोक. दुसऱ्या दिवशी बरोबर. तिसऱ्या दिवशी "काल सौदे झाले नाहीत", आणि सौदे तर झालेले, मालक स्वतः तिथं उभे होते.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून छोट्या धंद्यांची सॉफ्टवेअरची कामं करतो. हे काम शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मी पण. अण्णांना एवढंच पाहिजे होतं की मोबाईलवर मराठीत टाइप करायचं आणि उत्तर यायचं: मार्केटला दर काय, अमक्या शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) झाली का, कोल्ड स्टोरेजला माल किती शिल्लक, आणि पावसाळ्यात पंचगंगेची पातळी किती. पातळी कशाला तर माल बराचसा गुजरातला जातो, ट्रक शिरोलीवरनं हायवेला लागतात आणि 2019 च्या ऑगस्टात तिथं हायवेवरच पाणी आलं होतं ते कोण विसरलेलं नाही.

त्यासाठी पाच टूल लिहिली. कोडमध्ये नावं इंग्रजीत आहेत, इथं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितो: गेट_रेट, गेट_पट्टी, सर्च_शेतकरी, गेट_स्टॉक, गेट_लेव्हल. प्रत्येकाचा कोड पन्नास साठ ओळींचा, तपासलेला, चोख. आणि प्रत्येकाला एका ओळीचं डिस्क्रिप्शन, म्हणजे हे टूल कशाचं ते मॉडेलला सांगणारं वर्णन, जे मी शेवटच्या दिवशी रात्री अकराला घाईत लिहिलं. सगळं पाणी तिथंच मुरत होतं, पण ते कळायला तीन आठवडे गेले.

तीन आठवडे काय केलं? तर आधी मॉडेल बदललं, महागातलं घेतलं. थोडं सुधारलं, मग परत तेच. मग टेंपरेचर, म्हणजे उत्तरातला लहरीपणा कमीजास्त करायची सेटिंग, शून्य केलं, त्यानं एवढंच झालं की चूक रोज त्याच ठिकाणी यायला लागली. मग सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला कायम दिलेल्या सूचनांमध्ये, ओळी वाढवत गेलो, "दर विचारला तर नीट विचार करून सांग", "खात्री नसेल तर सांगू नकोस", असल्या. मागं वळून बघितलं की हसू येतं. नवीन पोराला दुकानात उभं करून "नीट काम कर रे" म्हणल्यासारखं, आणि वही कुठली कशाची हे सांगायचंच नाही.

शेवटी लॉग, म्हणजे एजंटनं काय काय केलं त्याची नोंद, उघडला. हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं. उत्तर वाचत बसू नका, उत्तरामागं एजंटनं कुठलं टूल बोलावलं, त्याला काय काय दिलं आणि टूलनं परत काय दिलं ह्या तीन गोष्टी बघा. माझ्याकडं चुकलेल्या उत्तरांचे तीन ढीग पडले. काहींत टूलच चुकीचं उचललेलं. काहींत टूल बरोबर पण तारीख नाहीतर गावाचं नाव चुकीचं दिलेलं. आणि काहींत टूल बरोबर, दिलेलं बरोबर, आलेलं बरोबर, पण आलेल्या आकड्याचा अर्थ एजंटनं भलताच लावलेला. ढीग कुठला त्यावर दुरुस्ती कुठं करायची ते ठरतं, आणि मी आतापर्यंत तिन्ही ढिगांवर एकच औषध ओतत होतो.

एक गोष्ट माहीत असून डोक्यात शिरली नव्हती ती इथं लिहून ठेवतो. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. मॉडेलला टूल जोडायला फंक्शन कॉलिंग वापरा, नाहीतर त्याच कामासाठी अँथ्रोपिकनं नोव्हेंबर 2024 मध्ये खुलं केलेलं एमसीपी वापरा, मॉडेलसमोर येतं काय तर टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरची स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कशा रूपात द्यायची त्याचा तक्ता. बास. कोडमध्ये तुम्ही कितीबी छान कमेंट लिहिल्या असतील, कॉलमचं नाव बघून तुम्हाला सगळं आठवत असेल, त्यातलं काय बी तिकडं पोचत नाही. जे लिहिलंय तेवढंच त्याचं जग.

आता पहिला ढीग. माझं मूळ लिखाण असं होतं:

गेट_रेट: "गुळाचा दर आणतं."
गेट_पट्टी: "गुळाच्या पट्टीतला दर आणि रक्कम आणतं."

मला फरक उघड होता. पहिलं म्हणजे बाजार समितीच्या सौद्यात लागलेला दर, दुसरं म्हणजे आमच्या दुकानातनं शेतकऱ्याला गेलेली पट्टी, तिथं फक्त आपल्या शेतकऱ्यांचा माल आणि रक्कम हमाली तोलाई वजा होऊन. पण वाचणाऱ्याला दोन्हीकडं "गुळाचा दर" दिसतोय. "काल गुळाला काय दर लागला" ह्याला दोन्ही चालतात की! म्हणून सकाळी हे, संध्याकाळी ते. 4,150 पण खरं होतं आणि 3,980 पण खरं होतं, प्रश्न कुठला हे ठरलेलं नव्हतं.

बदललेलं असं:

"बाजार समितीच्या सौद्यात एका दिवशी गुळाला लागलेला दर आणतं: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. रुपये प्रति क्विंटल. 'आज दर काय', 'मार्केट कसं आहे', 'गूळ कितीला गेला' अशा प्रश्नांना हे वापर. एखाद्या शेतकऱ्याला आपल्या दुकानातून किती मिळाले ते यात नाही, त्याला पट्टीचं टूल आहे. नुसता 'दर' विचारला आणि कुणाचा ते सांगितलं नाही तर बाजाराचा दर समज."

यात माझ्या मते सगळ्यात जास्त काम करते ती "यात नाही" वाली ओळ. आधी मी लिहीत होतो टूल काय करतं ते, म्हणजे कोड लिहिणाऱ्याच्या बाजूनं. वाचणाऱ्याला पाहिजे असतं की माझ्यासमोर अण्णांचा प्रश्न आलाय, तर हे उचलू का ते उचलू. म्हणून कुठल्या प्रश्नाला हे टूल नाही आणि मग कुठलं आहे, हे दोन्ही टूलांत एकमेकांकडं बोट दाखवून लिहिलं. नावं पण बदलली, गेट_रेट चं बाजार_सौदा_दर आणि गेट_पट्टी चं दुकान_शेतकरी_पट्टी. "गेट" आणि "डेटा" हे शब्द नावात असून नसल्यासारखेच, सगळीच टूल काहीतरी गेट करतात. अजून एक, नावात देवनागरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि डॅश एवढंच. डिस्क्रिप्शन मात्र मराठीत चालतं. मी वाक्यं मराठीत ठेवली कारण विचारणारे मराठीत विचारतात. टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) इंग्रजीपेक्षा जास्त जातात हे खरं, म्हणून इंग्रजीत लिहायचं तर लिहा, पण पट्टी, आवक, सौदा हे शब्द आहेत तसेच ठेवा, त्यांचं भाषांतर केलं की प्रश्नातला शब्द आणि टूलमधला शब्द जुळायचा बंद होतो.

हे तपासायला मॉडेल पण लागत नाही. माझी पुतणी कॉलेजला आहे, तिला ह्या धंद्यातलं काय बी माहीत नाही. तिला पाच डिस्क्रिप्शनं कागदावर छापून दिली आणि वीस प्रश्न दिले, म्हणलं प्रत्येकापुढं टूलचं नाव लिही. जिथं जिथं एजंट अडकला होता तिथंच ती अडकली. "काका, ह्या दोन्हीत फरक काय हे कुठं लिहिलंय?" म्हणाली. कुठंच नव्हतं लिहिलं. नवीन लिखाणावर परत दिलं तेव्हा तिनं न विचारता भरून दिलं, आणि हॉटेलात नेऊन तांबडा पांढरा खाऊ घालायला लागला ते वेगळं.

एक इशारा, मी ह्यात उलट्या बाजूनं पण पडलोय. पहिल्या जोशात बाजार_सौदा_दर मध्ये लिहिलं "दराच्या प्रत्येक प्रश्नाला नेहमी हेच टूल वापर, दुसरं वापरू नकोस". मग काय, पट्टीचा प्रश्न आला तरी हेच, "नमस्कार" टाकलं तरी आधी दर आणायला धावतोय. ओरडून लिहिलं की तो अक्षरशः ऐकतो. आणि सगळं एकाच डिस्क्रिप्शनमध्ये कोंबायचं पण नाही, कारण ही सगळी डिस्क्रिप्शनं प्रत्येक प्रश्नाबरोबर मॉडेलकडं जातात, त्याचं बिल येतं, आणि लांबलचक मजकुरात कामाची ओळ हरवते.

दुसरा ढीग, पॅरामीटर. इथं तारखेनं लय छळलं. स्कीमात मी लिहिलेलं "तारीख: स्ट्रिंग", स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर. दराच्या स्प्रेडशीटमध्ये तारखा 03/04/2025 अशा, म्हणजे 3 एप्रिल. एजंट देणार 2025-04-03, आणि ते त्याच्या बाजूनं बरोबरच आहे, बहुतेक जग तसंच देतं. टूल शीटमध्ये ती स्ट्रिंग शोधायचं, सापडायची नाही, रिकामी यादी परत. आणि "काल सौदे झाले नाहीत" ह्या वाक्याचा उगम तिथं. कधी कधी दिवस महिना उलटा होऊन 4 मार्चचा दर यायचा, ते जास्त वाईट, कारण आकडा दिसायला खरा. आता पॅरामीटरला लिहिलंय "वर्ष-महिना-दिवस, उदा. 2025-04-03 म्हणजे 3 एप्रिल 2025" आणि शीटच्या तारखा टूलच्या आत फिरवून घेतो. उदाहरण देताना 12 च्या पुढचा दिवस घ्या असं कोणतरी म्हणेल, मी मुद्दाम उलटा होऊ शकणारा घेतला आणि महिन्याचं नाव लिहिलं.

दुसरं म्हणजे मॉडेलला आज तारीख काय हे माहीत नसतं, घड्याळ नाही त्याच्याकडं. "काल" कधी ते तो अंदाजानं काढतो. आजची तारीख प्रॉम्प्टमध्ये रोज घालायला लागली. आणि मग आमचा लाडका शब्द "परवा". परवा किती रवे (गुळाच्या ढेपा) गेले, म्हणजे मागचा परवा. परवा ट्रक आहे का, म्हणजे पुढचा परवा. मराठी माणसाला क्रियापदावरनं कळतं, एजंटला पण बऱ्याचदा कळतं, पण "परवाचा दर" असं नुसतं आलं की तो कधी कधी दोन दिवस पुढची तारीख द्यायचा. सौदा दराच्या टूलमध्ये एक ओळ घातली, "फक्त आजची किंवा मागची तारीख, 'परवा' म्हणजे इथं दोन दिवसांपूर्वी". पुढची तारीख आली तर टूल परत फेकतं आणि का फेकलं ते सांगतं.

"यंदा" आणि "वर्ष" ह्यानं पण घोळ घातला. पॅरामीटर होता "वर्ष: आकडा". अण्णा विचारतात "गेल्या हंगामाला एक नंबरच्या गुळाला सरासरी काय होता", एजंट 2024 देतो. गुळाचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो, पाडव्याला मुहूर्ताचे सौदे, आणि तो पुढच्या वर्षात जातो. पाडवा 2024 ला 2 नोव्हेंबरला होता आणि 2025 ला 22 ऑक्टोबरला, म्हणजे सुरुवातीची तारीख पण पक्की नाही. वर्ष 2024 म्हणल्यावर एका हंगामाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं एकत्र येतं आणि त्याची सरासरी कुठल्याच हंगामाची नसते. त्यात अकाउंटवाल्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. तो पॅरामीटरच काढून टाकला, "हंगाम" केला आणि मुभाच ठेवली नाही, ठरावीक यादी दिली: "2023-24", "2024-25" अशी. स्कीमात एनम म्हणतात ते. जिथं उत्तरं मोजकी आहेत तिथं वर्णन लिहीत बसण्यापेक्षा यादी द्या, चुकायला जागाच राहत नाही.

गावांचं जरा बघा. सर्च_शेतकरी ला "निगवे" दिलं की काय यायचं? करवीर तालुक्यात निगवे दुमाला पण आहे आणि निगवे खालसा पण. शिरोली म्हणलं तर पुलाची शिरोली आणि शिरोली दुमाला. टूल पहिलं जुळलेलं उचलून द्यायचं, एजंट ते गुमान सांगायचा, आणि दुमाल्याच्या माणसाची चौकशी खालशाच्या माणसाच्या पट्टीवर. दुकानातले दिवाणजी असते तर लगेच म्हणाले असते "कुठलं निगवे?". मग टूलला तेच शिकवलं, एकापेक्षा जास्त जुळले तर सगळे गावासकट परत दे, आणि डिस्क्रिप्शनमध्ये "एकापेक्षा जास्त नावं आली तर स्वतः निवडू नकोस, विचारणाऱ्याला विचार". हे लिहिल्याशिवाय तो विचारत नाही, त्याला उत्तर द्यायची घाई असते.

रिकाम्या यादीकडं परत येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिनं केलं. आमचं टूल चार वेगवेगळ्या कारणांनी रिकामी यादी द्यायचं: त्या दिवशी खरंच सुट्टी होती, सौदे झाले पण आकडे अजून भरले नाहीत, तारीख चुकीच्या पद्धतीत आली, किंवा शीटच उघडली नाही. चौघांना एकच उत्तर. आणि रिकामं हातात आलं की एजंट त्यातनं गोष्ट बनवतो, "सौदे झाले नाहीत" ही सगळ्यात सोपी गोष्ट. आता टूल शब्दांत सांगतं: "2025-04-03 ची नोंद अजून भरलेली नाही. शेवटची नोंद 2025-04-02 ची आहे. सौदे झाले की नाही हे यावरून सांगता येत नाही." शीट उघडली नाही तर एमसीपीमध्ये निकालावरच एरर असल्याची खूण करायची सोय आहे, ती वापरली, आणि मजकुरात "थोड्या वेळानं परत प्रयत्न कर, अंदाजे दर सांगू नकोस". एरर लिहिताना आपल्याला सवय असते "इनव्हॅलिड इनपुट" लिहून मोकळं व्हायची. तो मेसेज आता मॉडेल वाचतंय आणि त्यावरनं पुढचं पाऊल टाकतंय, म्हणून काय चुकलं, काय पाहिजे होतं आणि एक नमुना, एवढं तरी पाहिजे. असा मेसेज मिळाला की तो बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्त करून परत बोलावतो, मला बघायला पण लागत नाही.

आता तिसरा ढीग, आणि ह्यात मी खरा घाबरलो.

गेट_लेव्हल हे टूल आमच्याच एका शीटमधनं वाचतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी जिल्ह्याच्या बुलेटिनमध्ये फूट आणि इंचात येते, दुकानातला पोरगा ती बघून शीटमध्ये भरतो. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. पोरगा 39 फूट 5 इंच हे कसं लिहितो? 39.5. आपण सगळेच असंच लिहितो. वाचणारा कोल्हापूरचा असला तर त्याला कळतं. एजंटला 39.5 म्हणजे साडेएकोणचाळीस फूट, म्हणजे 39 फूट 6 इंच. एक इंचाचा फरक, सोडून द्या म्हणाल. पण 39 फूट 11 इंच हे शीटमध्ये 39.11 असतं. आणि 39.11 हा आकडा 39.5 पेक्षा लहान! सकाळी 39.5, दुपारी 39.11, नदी सहा इंच चढली आणि एजंट सांगतोय पाणी उतरतंय.

टेस्टसाठी शीटमध्ये 42.11 टाकलं आणि विचारलं धोका पातळीला किती बाकी. उत्तर: "अजून जवळजवळ एक फूट बाकी आहे." बाकी होता एक इंच. हे वाचून मी टूल तिथल्या तिथं बंद केलं आणि अण्णांना फोन लावला की पाण्याचं ह्याला काय बी विचारू नका. ट्रक भरून उभा करायचा का नाही हे माणसं त्यावर ठरवणार होती. त्यात भर म्हणजे काही नोंदी मीटरमध्ये होत्या, समुद्रसपाटीपासूनच्या, म्हणजे पाचशे चाळीसच्या वरचे आकडे, आणि एजंटनं एकदा त्याला पण फूट समजून "पातळी धोक्याच्या कितीतरी पट" सांगितलं. ते निदान वाचताक्षणी खोटं कळतं. 42.11 कळत नाही.

इथं फक्त डिस्क्रिप्शन लिहून भागत नाही असं माझं मत झालंय. "दशांश चिन्हानंतरचा आकडा इंच आहे" असं लिहून बघितलं, बऱ्याचदा बरोबर केलं त्यानं, पण वजाबाकी करताना कधीतरी घसरतोच. म्हणून टूलच आता फोडून देतं: फूट 42, इंच 11, एकूण इंच 515, धोका पातळीला बाकी 1 इंच, नोंदीची वेळ अमुक. वजाबाकी टूलमध्ये, बोलणं एजंटचं. डिस्क्रिप्शनमध्ये एकक, 39 आणि 43 चा अर्थ, आणि "नोंद सहा तासांपेक्षा जुनी असेल तर वेळ सांगितल्याशिवाय पातळी सांगू नकोस, आणि रस्ता चालू आहे की बंद हे यावरून ठरवू नकोस". शीटमध्ये पण दोन कॉलम केले, पोरगा आधी कुरकुरला, आता भरतोय.

एककाचंच दुसरं, पण हे हसण्यावारी नेण्यासारखं. गेट_स्टॉक परत द्यायचं "रवा: 412". अण्णा म्हणाले गुजरातच्या व्यापाऱ्याला हिंदीत मेसेज बनवून दे, किती माल आहे ते. मेसेज आला: "हमारे पास 412 किलो सूजी उपलब्ध है।" 2014 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आमचा गूळ, त्याचा ह्यानं शिरा केला. अण्णांनी मला मोबाईल दाखवला, काय बोलले नाहीत, नुसतं बघितलं. आता फील्डचं नावच गुळाचे_रवे_नग आहे आणि डिस्क्रिप्शनमध्ये "रवा म्हणजे गुळाची ढेप, खाण्याचा रवा नव्हे, वजन 30, 10, 5 किंवा 1 किलो, प्रत्येक आकाराची संख्या वेगळी दिली आहे, एकूण वजन क्विंटलमध्ये वेगळं दिलं आहे". तिकडचे व्यापारी बऱ्याचदा 20 किलोचा भाव विचारतात, त्यांचा मण 20 किलोचा, म्हणून क्विंटलला 4,200 असेल तर 20 किलोला 840 हा आकडा पण टूलच काढून देतं.

बेरजेचं तर सांगायचं राहिलं. पट्टीचं टूल एकावेळी पहिल्या 50 नोंदी द्यायचं, जास्त असल्या तरी गप्प. एजंट 50 ची बेरीज करून "ह्या महिन्यात एकूण एवढे" सांगायचा. आता निकालात "एकूण 183 पैकी 1 ते 50" असं येतं, आणि बेरजेसाठी वेगळं टूल केलं जे डेटाबेसमध्येच बेरीज करतं. 50 ओळींची बेरीज पण मी मॉडेलला करू देत नाही.

लिखाणानं न सुटलेलं एक. दऱ्याचे वडगाव हे गाव शोधलं की कधी शेतकरी सापडायचे कधी नाहीत. डिस्क्रिप्शनवर दोन दिवस घालवले, दोष तिथं नव्हताच. "ऱ्या" मधला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, स्वतंत्र अक्षर आहे, 0931, नवीन फोन तो टाकतात. जुन्या पट्ट्या ज्या कॉम्प्युटरवर भरल्या तिथं साधा र, मग हलंत, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची ठरलेली पद्धत, लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, आपल्यालाच बदलायला लागतात. गुऱ्हाळ ह्या शब्दाचं पण तेच, आणि आमच्या डेटात गुऱ्हाळ किती वेळा असेल विचार करा. तसंच ३ आणि 3. हे टूलच्या आत एकसारखं करायचं काम आहे, एजंटला सांगून उपयोग नाही. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ) होता म्हणून पहाटे साडेपाचच्या आधी "आज" म्हणजे काल व्हायचा, ते पण त्यातलंच, वेळ आयएसटी केली आणि सुटलं.

आता कुठलंबी डिस्क्रिप्शन बदललं की तीसेक खरे प्रश्न, अण्णांनी जसे टाकले तसेच, चुकीच्या शुद्धलेखनासकट, परत चालवतो. प्रत्येक पाच वेळा, कारण एकदा बरोबर आलं ह्याला काय अर्थ नाही, आमचा रोग मुळात कधी बरोबर कधी चूक हाच होता. आणि उत्तर नाही, लॉग तपासतो: टूल कुठलं, दिलं काय. एका टूलचं वाक्य बदललं की शेजारच्या टूलचे प्रश्न हलतात हे दोनदा बघितलंय, म्हणून सगळे तीस चालवायचे.

बाकी राहिलंय ते जुन्या पट्ट्यांमधल्या ऱ चं, 2019 च्या आधीच्या नोंदी अजून तशाच आहेत, आणि आज सकाळीच अण्णांनी विचारलं "त्या वडगावच्या म्हाताऱ्याची पट्टी काढ", त्यावर एजंटनं उलट विचारलं "दऱ्याचे वडगाव की दुसरं कुठलं?". नाव मात्र परत सापडलं नाही, दिवाणजींनी वहीतनं काढून दिलं. रविवारी त्या नोंदी घेऊन बसतोय.